पाणी एकदम आलं की हळूहळू?

आमच्या विम्याचा सगळा वाद शेवटी या एका प्रश्नावर येऊन अडला. पाण्याने घराचं नुकसान झालं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पॉलिसी चालू होती, प्रीमियम भरलेला होता. पण पाणी एकदम आलं असेल तर भरपाई मिळणार होती, आणि हळूहळू मुरलं असेल तर एक पैसाही नाही. अडचण अशी की आमच्या घरात दोन्ही प्रकारचं पाणी होतं. दोन्हींचा हिशेब आम्ही वेगळा मांडला म्हणून काम झालं. एकत्र मांडला असता तर विमा कंपनीने बिल्डरकडे बोट दाखवलं असतं आणि बिल्डरने वरच्या मजल्याकडे. नव्या घरात ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

घर पुण्यात, आंबेगाव बुद्रुकला. इमारतीचा ताबा २०२१ मध्ये दिला गेला, पुढच्या वर्षी सोसायटी नोंदली गेली आणि २०२३ च्या अक्षय्य तृतीयेला आम्ही पहिल्या मालकाकडून फ्लॅट विकत घेऊन राहायला आलो. दोघांचे पगार जमेस धरून काढलेलं कर्ज, सासूबाईंनी मोडलेली एक एफडी, आणि बेडरूममध्ये नव्याने करून घेतलेलं फर्निचर. सगळी पुंजी त्या भिंतींत होती.

विम्याबद्दल आधी सांगते, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. कर्ज घेताना बँक एक विमा गळ्यात मारतेच. तो बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो: कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटतं. घराला काही झालं तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आमच्या हप्त्यात धरलेला विमा तसाच निघाला. माझा भाऊ याच क्षेत्रात नोकरीला आहे. त्याने ताबा घेण्याआधीच आम्हाला भारत गृह रक्षा ही पॉलिसी वेगळी घ्यायला लावली. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घरांसाठी ही एक प्रमाणित पॉलिसी ठरवून दिली आहे. कुठल्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडे मागा, मूळ मजकूर तोच.

तिचं गणित साधं आहे. फ्लॅटच्या बाजारभावाशी विम्याचा संबंध नाही. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर. आमचे ७२० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये, म्हणजे इमारतीचा विमा १८ लाखांचा. घरातल्या सामानाची यादी न देता त्याच्या २० टक्के रकमेचं संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आमच्या बाबतीत ३ लाख ६० हजार. आणि या पॉलिसीत कमी रकमेचा विमा घेतला म्हणून दाव्यात कापाकापी करायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे कलम फार मोलाचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या पॉलिसीत घटनांची यादी आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, वगैरे. यादीतली घटना घडली तर भरपाई, नाहीतर नाही. त्या यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि नळ फुटणं किंवा भरून वाहणं हे आहे. भिंतीत मुरणारी ओल मात्र यादीत कुठेच नाही.

चांद्रयान उतरलं त्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही सगळे सातारला नणंदेकडे होतो. सकाळी वॉचमनचा फोन आला, "ताई, तुमच्या दाराखालून पाणी येतंय जिन्यात. वरच्या मजल्यांना नळाला थेंब नाही आणि तुमच्याकडे नुसता पूर."

झालं होतं असं. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये इंटिरिअरचं काम चालू होतं. मालक मस्कतला. आदल्या दिवशी संध्याकाळी प्लंबरने तिथे नवीन बेसिन बसवलं, मेन कॉक चालू ठेवून कुलूप लावलं आणि तो गेला. रात्री कधीतरी बेसिनच्या कनेक्शन पाइपचा नट चिरला. बंद घरात रात्रभर पाणी वाहत राहिलं आणि स्लॅबमधल्या पाइपांच्या भोकांतून, पंख्याच्या हुकाजवळून, वायरिंगच्या नळ्यांतून आमच्याकडे उतरलं.

मी वॉचमनला पहिलं सांगितलं ते मीटररूममध्ये जाऊन आमचा स्विच पाडायला. दार उघडायचं नाही, आत पाय ठेवायचा नाही. पाणी वायरिंगच्या नळ्यांत शिरलं की कुठल्या बोर्डात करंट उतरेल, सांगता येत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हॉलमधलं जिप्समचं फॉल्स सिलिंग मध्यभागी पोट सुटल्यासारखं खाली आलं होतं आणि बेडरूममधलं अर्धं कोसळून गादीवर पडलं होतं. बेडरूमच्या लाकडी लॅमिनेट फ्लोअरिंगच्या पट्ट्या कडांनी उचलल्या गेल्या होत्या. वॉर्डरोबची पाठ एमडीएफची होती, ती पाणी पिऊन फुगली होती. शाळेतून तपासायला आणलेल्या वह्यांचा गठ्ठा वॉर्डरोबच्या वरच्या कप्प्यात होता, तो तेवढा कोरडा राहिला. सासूबाई दारातच थांबल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "देवघर?" देवघर स्वयंपाकघरात होतं, तिकडे पाणी गेलं नव्हतं.

हॉलच्या सिलिंगमध्ये अजून पाणी साचलेलं होतं. यांनी खाली बादली ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरने एक भोक पाडलं, आणि पाणी धारेने उतरलं. तसं केलं नसतं तर तेही सगळं एकदम खाली आलं असतं.

त्या पहिल्या काही तासांतच पुढच्या सगळ्याचा निकाल लागला असं मी म्हणेन. भावाने फोनवर बजावलं होतं, "तायडे, पुसायच्या आधी फोटो. फेकायच्या आधी फोटो. आणि वरच्या घरातली तुटलेली वस्तू काहीही करून ताब्यात घे." वरच्यांचा कंत्राटदार आला होता आणि नवा पाइप लावून मोकळा व्हायच्या घाईत होता. सोसायटीच्या सेक्रेटरींना मध्ये घालून मी तो जुना पाइप मागून घेतला. जागेवर असतानाचा व्हिडिओ, काढतानाचा व्हिडिओ, मग पाइप पिशवीत आणि पिशवीवर तारीख.

तो नट मी नंतर कितीदा उलटसुलट करून पाहिला असेन. वरून चकचकीत स्टीलसारखा, आतून कसल्याशा करड्या मिश्रधातूचा. चीर उभी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि चिरेच्या आतला धातू कोरा, राखाडी, दाणेदार. आमच्या भागात टँकर आणि बोअरचं पाणी. ते इतकं जड आहे की गळक्या नळाच्या तोंडाशी आठवडाभरात पांढरा थर धरतो. या चिरेवर पांढऱ्याचा कणही नव्हता. म्हणजे नट दिवसेंदिवस झिरपत नव्हता, एका रात्रीत फुटला होता. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आमच्या प्लंबरने नट हातात घेतल्याबरोबर सांगितलं, आणि मी त्याच्याकडून ते जसंच्या तसं कागदावर लिहून घेतलं, सहीनिशी.

दुसरा पुरावा व्हॉल्व्हमनच्या वहीत सापडला. आमच्या विंगच्या टाकीची पातळी तो रोज रात्री दहाला आणि सकाळी सहाला लिहितो. आदल्या रात्री टाकी पाऊण भरलेली, सकाळी तळाला. पुढे नोंद, "जादा टँकर मागवला." त्या पानाची झेरॉक्स आणि त्यावर सोसायटीचा शिक्का घेतला. ज्याने ही वही नेमाने लिहिली त्याचे आमच्यावर फार उपकार आहेत.

त्याच दिवशी विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला आणि लगेच ईमेलही टाकला. नुसत्या फोनवर भागवू नये, ईमेलवर तारीख-वेळ नोंदलेली राहते. क्लेम नंबर आला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ७२ तासांत सर्वेअर, म्हणजे नुकसान पाहून त्याचं कारण आणि रक्कम ठरवणारा माणूस, नेमायचा असतो आणि त्याने साधारण ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. जून २०२४ च्या परिपत्रकानंतर या मुदती आणखी आवळल्या आहेत: अहवाल १५ दिवसांत, त्यानंतर निर्णय ७ दिवसांत.

सर्वेअर येईपर्यंतचे दिवस कठीण असतात. एकीकडे नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीप्रमाणे आपली जबाबदारी, दुसरीकडे सर्वेअरने पाहायच्या आत काही काढलं तर पुरावा गेला. मी कंपनीला लिहिलं की लोंबकळणारं सिलिंग धोकादायक आहे, आम्ही ते फोटो काढून उतरवत आहोत, हरकत असल्यास आज कळवा. गादी, सिलिंगचे तुकडे, फ्लोअरिंगच्या पट्ट्या सगळं बाल्कनीत रचून ठेवलं. गादीला वास मारायला लागला तरी ठेवली. इलेक्ट्रिशियनने प्रत्येक सर्किटची मेगर टेस्ट, म्हणजे वायरच्या आवरणातून करंट गळतो का याची तपासणी, करून दोन सर्किटं बाद ठरवली, त्याचा कागद घेतला.

सर्वेअर सज्जन माणूस. त्यांनी नीट फिरून पाहिलं, टेपने मोजलं, मॉइश्चर मीटर भिंतींना लावला. मग आमच्या बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीपाशी ते थांबले. तिथे जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे आले होते. त्यांनी एक पोपडा नखाने उचलला, आत पांढरा भुसभुशीत लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. "मॅडम, हे एका रात्रीचं नाही. ही जुनी ओल आहे."

ते खरं होतं. आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी त्यावर पुट्टी आणि रंग मारून घेतला होता. आम्हालाही पावसाळा लागल्यावर तिथे हलकासा फुगा दिसला होता.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. मजकुराचा सारांश असा: पावसाळ्याच्या काळात भिंतींतून हळूहळू झिरपलेल्या पाण्यामुळे नुकसान झाल्याचं दिसतं, ही घटना पॉलिसीत समाविष्ट नाही, सबब दावा नामंजूर. पोपड्याची भिंत त्यांनी पाहिली आणि तिचा शिक्का सगळ्या घरावर मारला. सिलिंग, फ्लोअरिंग, वायरिंग, सगळं त्या एका भिंतीच्या खात्यावर टाकलं.

यांचा संताप झाला. "कोर्टात खेचू," म्हणाले. मला राग आला होता, पण त्याहून जास्त मला ते वाक्य खटकत होतं. पावसाळ्याच्या काळात. कारण त्या ऑगस्टमध्ये पाऊस होता कुठे? ऑगस्ट २०२३ हा देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. जुलै बरसून गेला आणि मग पावसाने जी दडी मारली ती मारलीच. निज श्रावण लागला तरी आभाळ कोरडं. सोसायटीत त्याच कारणाने टँकरची वही एवढी भरलेली होती. शिवाजीनगरच्या वेधशाळेची रोजच्या पावसाची नोंद मिळते, ती मी आदल्या पंधरवड्याची काढली आणि छापून ठेवली.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागितली. विमाधारकाने मागितली तर ती द्यावी लागते, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि कुणी आपणहून सांगत नाही. अहवाल वाचल्यावर कळलं की त्यात प्लंबरच्या कागदाचा उल्लेख होता, पण नटाच्या फोटोंचा नव्हता. टाकीच्या वहीचा तर नाहीच.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहायला बसले. शाळेत इतकी वर्षं पेपर तपासल्याने एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: उत्तर लांब असून चालत नाही, विचारलेल्या प्रश्नाचं असावं लागतं. प्रश्न एकच होता, पाणी एकदम आलं की हळूहळू. मी घराचा आराखडा काढला. भिंती आणि सिलिंगना अ, ब, क अशी नावं दिली. प्रत्येकापुढे सर्वेअरच्याच मीटरचे आकडे लिहिले. हॉल आणि बेडरूमच्या सिलिंगलगत भिंतींवर वरून खाली उतरलेले ओघळ, त्यांची कडा पिवळसर आणि स्वच्छ, लोणा नाही. बाथरूमलगतच्या भिंतीवर खालून वर चढलेली ओल, कडा भुसभुशीत, लोणा भरपूर. वरून आलेलं पाणी आणि खालून चढलेलं पाणी यांच्या खुणा इतक्या वेगळ्या असतात की एकदा शेजारी शेजारी फोटो लावले की कुणालाही दिसतं.

आणि मग मी एक परिच्छेद लिहिला, ज्यावरून आमच्यात थोडी वादावादी झाली. त्यात म्हटलं की बाथरूमलगतच्या भिंतीचं नुकसान जुन्या ओलीचं आहे, हे सर्वेअरचं निरीक्षण आम्हाला मान्य आहे, त्या भिंतीचा एक रुपयाही आम्ही मागत नाही आहोत, तो खर्च दाव्याच्या आकड्यातून काढून टाकलेला आहे. "आपणच कशाला कबूल करायचं?" असं यांचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की जे खरं आहे ते आपण आधी बोललो तरच उरलेलं खरं त्यांना ऐकू येईल. सासूबाईंनी माझी बाजू घेतली, आणि तो परिच्छेद राहिला.

सोबत जोडलं: नटाचे जवळून घेतलेले फोटो, प्लंबरचा कागद, टाकीच्या वहीचं पान, पावसाची नोंद, मेगर टेस्ट, आणि पॉलिसीतली टाक्या-नळ फुटण्याची ती ओळ पिवळ्या मार्करने रंगवून. शेवटी लिहिलं की समाधानकारक उत्तर न मिळाल्यास आम्ही विमा लोकपालांकडे जाऊ. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर. कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर वर्षभराच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आता ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. ग्राहक मंचापेक्षा हा रस्ता मला सामान्य माणसाच्या जास्त आवाक्यातला वाटतो.

तिथवर जावं लागलं नाही. सर्वेअर पुन्हा आले. या वेळी त्यांनी नट स्वतःच्या हातात घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला, आणि वरच्या फ्लॅटमध्ये जाऊन बेसिनची जागाही पाहिली. जाताना म्हणाले, "तुम्ही त्या भिंतीचं वेगळं लिहिलंत ते बरं केलंत. नाहीतर मला सगळंच त्यात धरावं लागत होतं."

सुधारित अहवालात दावा मंजूर झाला. आम्ही पावणेतीन लाखांच्या आसपास मागितले होते, अडीचच्या आसपास मिळाले. जे भिंतीला वा छताला कायमचं जोडलेलं, सिलिंग, वायरिंग, वॉर्डरोब, ते इमारतीच्या खात्यात धरलं गेलं. जे उचलून नेता येतं, गादी, पंखे, टेबल, ते सामानाच्या. म्हणून दुरुस्तीचं कोटेशन घेताना एकाच बिलात सगळं कोंबू देऊ नका, खोलीवार आणि वस्तूवार वेगळं करून मागा. राडारोडा उचलायचा खर्चही पॉलिसीत दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. आम्ही टेम्पोवाल्याची पावती जपून ठेवली होती, ती लागू पडली.

पैसे यायला दोन कागद आडवे आले. पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असतं, त्यामुळे रकमेवर पहिला हक्क बँकेचा. थेट आमच्या खात्यात जमा व्हायला बँकेचं ना हरकत पत्र लागलं, आणि ते मिळवायला कर्ज विभागातल्या तिघांकडे फिरावं लागलं. कोणालाच आपला अधिकार आहे की नाही ते माहीत नव्हतं. दुसरा कागद हक्क हस्तांतराचा. भरपाई दिल्यावर, ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून वसुली करायचा आपला हक्क विमा कंपनीकडे जातो. तसं आपण स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं असतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. घटना घडल्याच्या दुसऱ्याच रविवारी सोसायटीचे चेअरमन काका एक समझोत्याचा कागद घेऊन आले होते. वरच्यांनी सदिच्छा म्हणून रंगाचे पैसे द्यायचे आणि आम्ही "आमची आता त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही" असं लिहून द्यायचं. हेतू चांगला होता, शेजारधर्म टिकावा असाच. पण तो कागद सही झाला असता तर कंपनीचा वसुलीचा हक्क आम्ही परस्पर सोडून दिला असता, आणि त्या कारणावरून दावा अडला असता. मी काकांना चहा दिला आणि क्लेम मिटेपर्यंत कशावरही सही करणार नाही असं नम्रपणे सांगितलं. वरच्या भाऊंशी मस्कतला व्हिडिओ कॉलवर बोलले. ते समजूतदार निघाले. "वहिनी, तुम्ही म्हणाल ते कागद मी देतो," म्हणाले, आणि त्यांच्या प्लंबरचं काम झाल्याचं बिल तारखेसकट पाठवलं. त्या बिलाने घटनेची वेळ आणखी पक्की झाली.

गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला होते. सगळ्यांना वाटत होतं की निदान हॉल तरी रंगवून घ्यावा. रंगारीही तयार होता. मी नाही म्हटलं. ओल्या प्लास्टरवर पुट्टी मारली की काही महिन्यांत ती पापड्यासकट सुटते, आणि मग तीही जुनी ओल ठरते. भिंत वाळली का हे पाहायला एक सोपी युक्ती आहे: प्लास्टिकचा जाड तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. आतून बाष्प धरलं तर भिंत अजून ओली. आमच्या हॉलला कोरड्या हवेमुळे लवकर सुटका मिळाली, बेडरूमला दिवाळी उजाडली. बाप्पा त्या वर्षी उघड्या प्लास्टरच्या भिंतीपुढे बसले. आरास नेहमीसारखीच केली.

आता राहिली ती पोपड्यांची भिंत. ती विम्याची नव्हती, मग कोणाची? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीची, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची दुरुस्ती सभासदाची. त्या हिशेबाने ती आमची. पण इमारत नवी होती, आणि रेरा, म्हणजे घरखरेदीदार आणि बिल्डर यांच्यासाठीच्या कायद्याच्या कलम १४(३) मध्ये म्हटलंय की ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. ताबा २०२१ चा, म्हणजे मुदत शिल्लक होती.

बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलाने पहिल्यांदा सांगितलं, "मॅडम, तुम्ही रीसेलवाले. आमचं ॲग्रीमेंट पहिल्या पार्टीशी." हे चूक आहे. रेरा कायद्यात ज्याला सदनिका मिळाली तो तर येतोच, पण त्याच्याकडून जो पुढे विकत घेतो तोही येतो. कलम २(घ) मध्ये ती व्याख्या आहे. मी ती ओळ पत्रात उतरवली, फोटो जोडले, आणि विमा सर्वेअरच्या अहवालातलं वाक्यही जोडलं: ही ओल जुनी असून बाथरूमच्या बाजूने येत आहे. ज्या वाक्यामुळे आमचा विम्याचा दावा अडला होता, तेच वाक्य इथे आमच्या बाजूने साक्षीला उभं राहिलं. त्रयस्थ माणसाने लिहिलेलं असल्यामुळे बिल्डरला ते खोडता येईना. दाद न मिळाल्यास महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, सलोखा मंचाकडे जाऊ, असंही लिहिलं. पत्र रजिस्टर एडीने पाठवलं.

मुदत उलटून गेली, पण संक्रांतीच्या सुमारास माणसं आली. बाथरूमच्या लाद्या उखडल्यावर कारण समोर दिसलं. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या, गळ्याभोवती नुसतं सिमेंट थापलेलं होतं, वॉटरप्रूफिंगचा थर ट्रॅपपर्यंत आणलेलाच नव्हता. आंघोळीचं पाणी प्रत्येक वेळी थोडं थोडं संकन स्लॅबच्या, म्हणजे बाथरूमखाली पाइपांसाठी खोलगट ठेवलेल्या स्लॅबच्या, भरावात जात होतं आणि तिथून भिंतीत चढत होतं. मिस्त्री म्हणाला, "ताई, हे आत्ता धरलं म्हणून. अजून दोन वर्षांनी खालच्यांच्या छताला लागलं असतं."

भराव काढला, ट्रॅप नवा बसवला, नवा कोबा केला. लाद्या लावायच्या आधी पाणी भरून ७२ तास ठेवायचं, हे मी आधीच लेखी कबूल करून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी कंत्राटदार "एवढं कशाला, सुकलंय सगळं" म्हणत लाद्या घेऊन आला होता. त्याला परत पाठवलं. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची रेघ होती आणि ती मुदत संपेपर्यंत पाहायची होती. खालच्या वहिनींनीही त्यांच्या बाथरूमचं छत रोज सकाळ-संध्याकाळ पाहून कळवलं.

लाद्यांची मूळ बॅच आता मिळत नाही म्हणून खालच्या चार ओळी थोड्या गडद आहेत. त्याला माझी हरकत नाही. पण या दुरुस्तीचं काय काम केलं, कुठलं साहित्य वापरलं, ट्रॅप का बदलला, हे बिल्डरच्या लेटरहेडवर लिहून मागितलं होतं, ते अजून आलेलं नाही. ५ वर्षांची मुदत २०२६ मध्ये संपते, त्याआधी तो कागद फाइलला लागला पाहिजे. परवाच दुसरं स्मरणपत्र टाकलंय.